बोगद्यापलीकडची शाळा: मुलांना गटानं चालत पाठवणारं कुणी आहे का नाशकात?

गोविंदनगरची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

आम्ही गोविंदनगरला राहतो आणि मुलांची शाळा हायवेच्या पलीकडे, इंदिरानगरला. अंतर किलोमीटरच्या आतबाहेर. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. आजवर दोघं रिक्षानं जायची. रिक्षावाले काका चांगले होते, पण गुडघ्यांनी दगा दिला आणि दिवाळीनंतर त्यांनी रिक्षाच विकून टाकली. दुसरा बघितला, तर तिघांच्या जागेत दहा पोरं, त्यातली दोन पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना, दप्तरं बाहेर लोंबकळतायत. वर मुलामागे महिन्याला पंधराशे. पैशांचं राहू द्या, मला ती रिक्षा बघवेना.

सध्या मीच अॅक्टिव्हावरून सोडते. त्यात वेळेचा घोळ. शासनाच्या निर्णयामुळे चौथीपर्यंतचे वर्ग आता नऊच्या आधी भरत नाहीत. लहान्याच्या झोपेच्या दृष्टीनं ते चांगलंच आहे. पण मुलीची शाळा सात दहाला आणि याची नऊला. दोन वेळा सोडा, दोन वेळा आणा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रक्त द्यायला माणसं उपाशीपोटी सात-साडेसातलाच येऊन बसतात. नवरा अंबडला कंपनीत, फिरती शिफ्ट. सासूबाई आहेत, पण सर्व्हिस रोड ओलांडायचा म्हटलं की त्यांना धडधडतं.

आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत मिळून त्याच शाळेत जाणारी बारा-तेरा पोरं आहेत. सकाळी ही सगळी घरं आपापली गाडी काढून हायवेखालच्या त्याच बोगद्यात शिरतात आणि एकमेकांनाच हॉर्न मारत बसतात! नऊच्या सुमाराला तो बोगदा ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. चालणारा माणूस गाडीच्या आधी पोचतो.

म्हणून डोक्यात आलं की ही पोरं मिळून चालत का जाऊ नयेत? दोघं-तिघं मोठी माणसं सोबत, आळीपाळीनं. कल्पना म्हणून सगळ्यांना आवडते, पण ‘बघू, करू या’च्या पुढे गाडी जात नाही. किती पोरांमागे किती माणसं लागतात? बोगदा आणि सर्व्हिस रोडचं काय करायचं? शाळेला सांगावं लागतं का? आणि मुख्य म्हणजे बाकीच्या पालकांना घराबाहेर काढायचं कसं? कुणी खरंच केलं असेल तर लिहा. ‘छान उपक्रम’ असं लिहिणार असाल तर राहू द्या.

---

सिडकोचा_पाव्हणा

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण हे नाशकात अवघड आहे. सिंहस्थाच्या कामांमुळे निम्मे रस्ते खणलेत, फुटपाथवर टपऱ्या, सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेनं येणारे बाइकवाले. कुत्र्यांच्या झुंडी. २०२३ ला तुमच्याच गोविंदनगरात बिबट्या निघाला होता, विसरलात? शिवाय ग्रुपवर पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज चालूच असतात. मी तर पोरगं शाळेच्या गेटात शिरेपर्यंत गाडी हलवत नाही. आपलं पोर आपल्याच जबाबदारीवर बरं भो. दुसऱ्याच्या पोराला काही झालं तर आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

---

डबेवाली_जेलरोड

ताई, मी जेलरोडला राहते, पोळीभाजीचे डबे करते. आमच्या कॉलनीतली पोरं काही वर्षांपासून अशीच गटानं जातात. सुरुवात माझी नाही. शेजारच्या बँकवाल्या वहिनींनी केली, त्यांची बदली झाली आणि काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पहाटे चारला उठलेली बाई कॉलनीत मीच. तेव्हा जे चालतं ते सांगते, जे नुसतं ऐकायला गोड लागतं ते सोडून देते.

आधी माणसांचं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आपण असं करू या का’ म्हणून विचारू नका. चाळीस अंगठे येतील आणि सोमवारी खाली तुम्ही एकट्या उभ्या असाल. दोन घरं पकडा. दोनच. त्यातलं एक असं हवं की ज्याचं पोर तुमच्या पोरीची मैत्रीण आहे, म्हणजे घरात पोरच मागे लागतं. पाच पोरं बोलत, हसत जाताना दिसली की बाकीच्यांची पोरं खिडकीतून बघतात आणि घरी भुणभुण सुरू करतात. मोठ्यांना पटवण्यात शक्ती घालवू नका, ते काम पोरांवर सोडा.

मग वेळ. आमची पोरं डीपीजवळ (विजेच्या पेटीजवळ) जमतात. सहा पन्नासला यायचं, त्रेपन्नला निघायचं. एसटी कशी सुटली की सुटली, तसं. कुणी आलं नाही तर थांबायचं नाही, फोन करायचा नाही, जिन्याखाली उभं राहून हाका मारायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात एक आई माझ्यावर भयंकर चिडली, तिचं पोर दोन मिनिटांनी हुकलं. तिला म्हटलं, आज सोडा गाडीवर, उद्या पुन्हा या. ती चिडली ते बरं झालं. एकासाठी थांबलं की दुसऱ्या दिवशी तिघांसाठी थांबावं लागतं, आणि मग सगळी ओळ शाळेकडे पळत जाते. पळणारी पोरं रस्त्यावर नकोतच.

पाळी म्हणजे तर सगळ्याचा गाभा. कागदावर लिहून प्रत्येकाच्या फ्रिजला चिकटवायची. आणि एकच कडक नियम ठेवायचा: ‘उद्या मला जमणार नाही’ हा मेसेज चालणार नाही. ‘उद्या माझ्याऐवजी अमुक येतील’ हाच चालेल. बदली माणूस ज्याचा त्यानं शोधायचा. हा नियम नव्हता तेव्हा बँकवाल्या वहिनी रोज रात्री दहा वाजता फोनाफोनी करत बसायच्या आणि सकाळी स्वतःच जायच्या. असे गट मोडतात ते अपघातानं नाही, एका बाईच्या कंटाळ्यानं.

पैसे घेऊ नका, देऊ नका. ज्यांना सकाळी येणं शक्यच नाही (तुम्ही लॅबवाल्या) त्यांनी दुपारची पाळी घ्यावी किंवा शनिवारची. पैसे दिले की माणूस गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाईक काय असतं ते मला विचारा, पोळी जरा जाड झाली तरी फोन येतो.

मोठी माणसं कमीत कमी दोन, पोरं पाच असली तरी. एक पुढे, एक शेवटी. एखादं पोर पडलं, कुणाला उलटी झाली, तर एक जण तिथं थांबतो आणि एक जण बाकीच्यांना नेतो. पहिली-दुसरीची असतील तर तिघांमागे एक माणूस धरा. हात दोनच असतात, तिसरं पोर दप्तर धरून चालतं.

रस्ता आधी पोरांशिवाय चालून बघा आणि शाळेच्याच वेळेला बघा, रविवारी नाही. रविवारी सगळेच रस्ते गरीब असतात. कुठल्या बंगल्यातून गाडी रिव्हर्सनं बाहेर येते, कुठलं चेंबर उघडं आहे, टपरीसमोर गाड्या कशा लागतात, घंटागाडी किती वाजता येते, हे सगळं त्यात कळतं. थोडा लांबचा पण शांत रस्ता असेल तर तोच घ्या.

ओलांडायचं कसं, ते नीट वाचा. लहान पोरांना गाडी किती जोरात येतेय याचा अंदाज येत नाही, गाडी दिसते पण वेग कळत नाही. म्हणून ‘आता जाऊ या’ हे पोरांनी ठरवायचंच नाही, कितीही शहाणी असली तरी. उभ्या गाड्यांच्या फटीतून कधीही नाही, कारण एवढंसं पोर बॉनेटच्या खाली असतं, ते गाडीवाल्याला दिसत नाही. पुढचा माणूस आधी रस्त्यावर जाऊन हात करून उभा राहतो, समोरची गाडी खरोखर थांबली की सगळी ओळ एकदम ओलांडते. अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे झाली की मागचं पोर पुढच्याकडे धाव घेतं. ओळ तुटली तर मागच्या माणसानं मागची पोरं तिथंच अडवायची, भले शाळेला उशीर होवो.

तुमचा बोगदा मला माहीत आहे, बहीण राणेनगरला असते. सातची पोरं सुखानं जातील. नऊची बॅच साडेआठच्या आत बोगद्यापलीकडे गेलेली असली पाहिजे. त्यासाठी शाळेनं गेट लवकर उघडायला हवं, ते आधी बोला, नाहीतर पोरं फाटकाबाहेर ताटकळतील.

आणि खरा धोका हायवेला नाही हो. शाळेच्या गेटासमोर शेवटचे शंभर पावलं. तिथं सगळे पालक घाईत यू-टर्न मारत असतात, एका हातात फोन. ज्या पोरांच्या काळजीनं गाडी काढली त्याच पोरांच्या अंगावर गाडी घालतात. आम्ही ओळ गेटापर्यंत नेतो, अलीकडे सोडून देत नाही.

पाव्हण्याला एक सांगायचंय. दादा, माझं माहेर धुळ्याकडचं, साक्री तालुक्यातलं. १ जुलै २०१८ ला आमच्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच माणसांना लोकांनी ठेचून मारलं. निरपराध माणसं. मोबाईलवर हेच मेसेज फिरत होते, पोरं पळवणारी टोळी आली म्हणून. तेव्हापासून असला मेसेज आला की मी पाठवणाऱ्याला सरळ विचारते, कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? आजवर एकानं उत्तर दिलेलं नाही. पोरांना सावध करायचं तर घरातला एक गुप्त शब्द ठरवा. ‘आईनं बोलावलंय’ म्हणणाऱ्यानं तो शब्द सांगितला नाही तर त्याच्यासोबत जायचं नाही. आणि एकटं पोर की दोन मोठ्या माणसांसोबत दहा पोरं, कुणाला हात लावणं सोपं, ते तुम्हीच सांगा.

कुत्र्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे. रस्त्यात कुणी डबा किंवा बिस्किट उघडायचं नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही. तरी चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन. हळद-चुना काही भरायचं नाही. हे पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

बिबट्याचं माझ्याकडे उत्तर नाही. तो अॅक्टिव्हालाही घाबरत नाही.

---

नागोया_ते_अंबड

डबेवाल्या मावशींचं वाचून जपान आठवलं. कंपनीनं ट्रेनिंगला नागोयाला पाठवलं होतं, सहकुटुंब. तिथं प्राथमिक शाळा सहावीपर्यंत. बऱ्याच शाळांमध्ये गल्लीतली पोरं एका ठरलेल्या जागी जमतात आणि ओळीनं चालत शाळेत जातात. सगळ्यात पुढे सहावीचं पोर, शेवटी आणखी एक मोठं, पहिलीची मध्ये. पहिलीतल्यांना पिवळी टोपी आणि दप्तरावर पिवळं कव्हर, म्हणजे लांबून कळतं की हे नवखं पोर आहे, जपून. चौकात पालक पिवळे झेंडे घेऊन उभे, आणि जॅकेट घातलेले गल्लीतले आजी-आजोबा. आमचा मुलगा पहिल्या दिवशी रडला. नंतर आम्हाला बाल्कनीतूनही हात करू देईना, लाज वाटते म्हणे.

पण तिथलं जसंच्या तसं इथं बसणार नाही, त्याचं कारण ताईंच्या प्रश्नातच आहे. तिथं पहिली ते सहावी एकाच वेळी जातात, म्हणून मोठं पोर लहानाला नेतं. आपल्याकडे पाचवीपासूनचे सातला आणि चौथीपर्यंतचे नऊला, म्हणजे मोठी भावंडं आधीच निघून गेलेली. नऊच्या ओळीला तिसरी-चौथीची पोरं पुढे घालावी लागतील आणि मोठी माणसं जास्त. माझ्या मते दोन वेगळे गट समजूनच आखणी करा. सातचा गट: पोरं मोठी, रस्ता मोकळा, पण जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर, त्यामुळे अंधार. नऊचा गट: उजेड आहे, पोरं लहान, ट्रॅफिक मरणाचं. पहिल्याला रिफ्लेक्टर हवेत, दुसऱ्याला माणसं. अंबडला सेफ्टी शूज विकणाऱ्या दुकानांत रिफ्लेक्टरची जॅकेटं मिळतात, दप्तराला लावायची चकाकती पट्टीही मिळते. थंडीत पोरं काळे-निळे स्वेटर घालतात, ती तर दिसतच नाहीत.

आणखी एक. जपानातही सगळं गोडगोड नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये क्योतोजवळ कामेओका इथं शाळेत निघालेल्या अशाच ओळीत गाडी घुसली. चालवणारा अठरा वर्षांचा, लायसन्स नाही, रात्रभर गाडी फिरवून झोपेत. माणसं गेली. त्यानंतर त्यांनी पोरांचं चालणं बंद केलं नाही. देशभरातल्या शाळांचे रस्ते शाळा, पोलीस आणि रस्ते खातं यांनी मिळून तपासले. पाव्हणे म्हणतात ती भीती खोटी नाहीच. पण ती रस्त्याच्या मागे लागायला वापरायची, पोरांना घरात ठेवायला नाही.

आपल्याकडेही लायसन्स नसलेली पोरं क्लासला गाड्या घेऊन जातातच की. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाला गाडी दिली तर पालकाला पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, असं कायदा सांगतो. सोसायटीच्या बोर्डावर हे एकदा लावाच. आमच्याकडे लावलं, दोन घरांतल्या स्कूटरच्या किल्ल्या कपाटात गेल्या.

---

फळा_आणि_खडू

शिक्षिका आहे, पंचवटीत. शाळेच्या बाजूनं लिहिते.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) महाराष्ट्रातल्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं आहे. म्हणजे मूल चालत येईल हे कायद्यानंच धरलेलं आहे. आपणच ते अशक्य समजून बसलो.

मुख्याध्यापकांकडे तोंडी जाऊ नका. तोंडी गेलात की ‘जबाबदारी कुणाची’ यावरच चहा संपतो. अर्ज करा, त्यात स्पष्ट लिहा की येण्या-जाण्याची जबाबदारी पालकांची आहे आणि शाळेकडून फक्त दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे गेट पंधरा-वीस मिनिटं आधी उघडणं. शक्य असेल तर चालत येणाऱ्यांसाठी वेगळं छोटं फाटक, कारण बहुतेक शाळांना मागे एक फाटक असतं आणि त्याला कायम कुलूप असतं. दुसरी म्हणजे सुटताना पोरं कुणाच्या हवाली करायची त्या माणसांची यादी, फोटोसकट. पहिलीतल्या मुलाला आम्ही यादीबाहेरच्या माणसाकडे देत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. सकाळच्या पाळीचा उत्साह सगळ्यांना असतो, बोंब होते ती दुपारी. दुपारची यादी आधी करा.

हजेरीचंही ठरवा. निघताना पुढच्या माणसानं ग्रुपवर ‘आठ निघाले’, पोचल्यावर ‘आठ पोचले’ एवढंच टाकायचं. त्या ग्रुपवर सुप्रभात आणि फुलं बंद.

दप्तर! २०१५ च्या शासन निर्णयाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. वीस किलोचं पोर असेल तर दोन किलो. गाडीवरून येणाऱ्या मुलाच्या दप्तरात काय आहे ते पालकांना कळतच नाही, चालायला लागलं की आठवड्यात कळतं. एका मुलाच्या दप्तरात मला तीन विषयांच्या जुन्या, भरलेल्या वह्या आणि एक दगड सापडला होता. दगड त्याला आवडला होता म्हणे.

मुंबई नाक्याजवळ नाशिक फर्स्ट या संस्थेचं ट्रॅफिक पार्क आहे, तिथं सिग्नल आणि झेब्रा सगळं छोट्या रस्त्यांवर शिकवतात. पोरांची एक खेप तिथं करून आणा. आईनं सांगितलेलं एका कानानं जातं, बाहेरच्या माणसानं सांगितलेलं राहतं.

---

रोज_ट्रॅकवर

मी इंदिरानगरला राहतो. निवृत्त आहे, रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर असतो. मी आणि माझे दोन मित्र आठ ते नऊ बोगद्याच्या तोंडाशी उभे राहायला तयार आहोत, शिट्टी आणि झेंडा घेऊन. आम्हाला तसंही घरी लवकर कुणी येऊ देत नाही. एक सूचना: मुलांना रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायला शिकवा, आम्हाला शाळेत तसंच शिकवलं होतं.

---

डबेवाली_जेलरोड

काका, तुमचं मन मोठं आहे, पण दोन्ही बाबतीत आडवी येते.

फुटपाथ असेल तर कुठलीही बाजू चालेल. नसेल तर उजवीकडून चालायचं. आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात, उजवीकडून चाललं की समोरून येणारी गाडी दिसते. डावीकडून चालणाऱ्याच्या पाठीमागून गाडी येते, ती दिसणार कशी? सर्व्हिस रोडवर उलटे येणारे बाइकवाले धरले तर दोन्हीकडे बघावंच लागतं, म्हणून मागचा माणूस सतत मागे बघत चालतो.

आणि ताई, काकांनी इथं नाव दिलं म्हणून लगेच हो म्हणू नका. काका, राग मानू नका, तुम्ही देवमाणूस असाल, पण पोरांच्या बाबतीत मोबाईलवरची ओळख ही ओळख नाही. तुम्ही शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, यादीत नाव आणि फोटो द्या, चार पालकांना समोरासमोर भेटा. मग खुशाल शिट्टी वाजवा.

---

रोज_ट्रॅकवर

राग कसला? बरोबर आहे तुमचं. माझी नात असती तर मीही हेच म्हटलं असतं. शाळेत जाऊन येतो. उजव्या बाजूचं मात्र मित्रांना विचारून सांगतो.

---

सिडकोचा_पाव्हणा

मावशी, राईनपाड्याचं माहीत होतं, पण असा विचार केला नव्हता. तरी मी आमच्या पोराला आत्ताच पाठवणार नाही. त्रिमूर्ती चौक आमच्या वाटेत आहे, तिथं मोठ्या माणसाचाच जीव मुठीत असतो. पण ताईंचं जमलं तर इथं लिहा, वाचीन. आणि अॅक्टिव्हावर चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं बरं का, पोरांनाही. ते तरी आजपासून करा, तुमच्याकडे चालणं सुरू व्हायला वेळ लागेल.

---

गोविंदनगरची_आई

सगळ्यांचे आभार. पाव्हणे, दोन छोटी हेल्मेटं आणली. मुलाचं निळं आहे आणि तो ते घालूनच जेवायला बसतोय.

काल मावशींचं ऐकून ग्रुपवर काही न टाकता दोन घरं गाठली. मुलीच्या मैत्रिणीची आई लगेच तयार झाली, तिचा नवरा सकाळी लवकर तसाही कुत्रा फिरवायला खाली उतरतो, त्याला पाळी दिली (कुत्रा घरी ठेवून). दुसऱ्या घरात आजोबा आहेत, ते दुपारचं बघतो म्हणाले. दुपारच्या माणसाची मला सगळ्यात जास्त काळजी होती आणि तोच पहिल्यांदा मिळाला. शाळेचा अर्ज लिहिलाय. मागच्या बाजूला फाटक खरंच आहे, कुलपासकट.

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, मी बोगद्यापर्यंत येईन, पुढे नाही. म्हणजे नऊच्या गटाला बोगद्यापर्यंत एक माणूस मिळालं! आता अलीकडचं तोंड त्यांच्याकडे, पलीकडचं काकांकडे (शाळेनं हो म्हटलं तर), मधलं आम्ही बघू.

मोठ्यांचा सातचा गट आधी सुरू करतोय, सोमवारपासून. एकच शंका उरलीय आणि ती माझ्याच मुलाची. तो हात सोडून पळतो. काही बघितलं की पळतो, मांजर, फुगा, काहीही. यूट्यूबवर दोरी धरून चालणारी पोरं बघितली, तशी एक लांब दोरी घेऊ का?

---

डबेवाली_जेलरोड

दोरी बालवाडीच्या अंगणात ठीक. रस्त्यावर एक अडखळला की चार पडतात, आणि ओलांडताना दोरी गाडीला अडकली तर काय? नको.

पळणाऱ्या पोराला स्वतःच्या हाताला ठेवू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या हाताला द्या आणि तिचं पोर तुम्ही घ्या. आमच्याकडे एक होता, आईच्या हाताला असताना रोज निसटायचा. माझ्याकडे दिला तर शाळेपर्यंत हूं की चूं नाही. फूटभर मागे राहिला तरी मी मनगट धरते, बोटं नाही. बोटं सुटतात.

आणि लहान्यांचा गट सुरू कराल तेव्हा निघण्याआधी त्याला पोटभर खाऊ घाला. रिकाम्या पोटी पोरं अर्ध्या वाटेत बसकण मारतात, मग सोबतच्या मोठ्या माणसालाही उचलत नाही. दशमी, केळं, काहीही चालेल. चहा-बिस्किटावर पाठवू नका.

दुपारच्या आजोबांना टोपी आणि पाण्याची बाटली सांगा. मार्चनंतर दुपारची पाळी सकाळपेक्षा अवघड होते.